तुझं चाललंय तेच चालू दे

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
९ जानेवारी २०२५

विहीणबाई आवडाबाईंना सुलेखाचा नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला जे सांगायचंय ते ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. तुमची सातवी झालेली आहे, वाचाल.

सोमवारी कुरिअरवाला आला. पार्सलवर नाव माझं, पत्ता माझा, पाठवणारा पुण्याहून शिवराज. उघडलं तर आत नारिंगी कॅप्सूलची बाटली. कोएन्झाइम क्यू टेन. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलंय, त्यामुळं हे हृदयाच्या ताकदीसाठी घेतात एवढं मला नाव वाचूनच कळलं. वर्षभर माझे ठोके ताल सोडून पडतायत. रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे, दर महिन्याला रक्त तपासायला दंडात सुई टोचून घ्यावी लागते. मला वाटलं, लेकाला आईच्या हृदयाची आठवण झाली. खोटं कशाला सांगू, शेजारच्या आशाबाईंना बाटली दाखवूनही आले.

मग खोक्याच्या तळाशी चिठ्ठी सापडली. ती जशीच्या तशी उतरवते: "आई, ह्या पिशोरच्या आईंसाठी आहेत. तिकडं कुरिअर पोचत नाही, गाडीत देशील का? तुझं चाललंय तेच चालू दे."

पिशोरच्या आईंसाठी. म्हणजे तुमच्यासाठी. जावई तुम्हाला आई म्हणतो ह्याचं मला काही नाही. पण जिनं जन्म दिला तिला 'तुझं चाललंय तेच चालू दे'. शाळेत एखादं पोर शेवटच्या बाकावर आपल्याच नादात चित्रं काढत बसलं की मी त्याला हेच म्हणायची.

तर मंगळवारी रिक्षानं बसस्थानकावर जाऊन पार्सल पिशोर गाडीच्या कंडक्टरकडं दिलं आहे. पोचल्याचं कळवावं. बाटली मी उघडली होती, पण आतल्या साठाच्या साठ कॅप्सूल आहेत, मोजून घ्या.

आणखी एक. दिवाळीत तुम्ही आलात तेव्हा नेहमीसारखी स्वतःची पाण्याची बाटली घेऊन आलात. शिवराज-मंजुषाच्या लग्नाला तेरा वर्षं झाली. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही रीत मलाही माहीत आहे. पण दर वेळी ती बाटली माझ्या टेबलावर ठेवून तुम्ही मला काय आठवण करून देता, हे मला न कळण्याइतकी मी खुळी नाही.

सुलेखा

———

पिशोर
१७ जानेवारी २०२५

मानाच्या विहीणबाई सुलेखाताईंना आवडाबाईचा नमस्कार.

पत्र मिळालं, पार्सल पण मिळालं. कंडक्टर चांगला माणूस, घरी आणून दिलं. तुम्हाला रिक्षाचा त्रास झाला, माफी असावी.

तुमचं अक्षर लई सुंदर. मंजूच्या वडिलांनी दोनदा वाचलं, म्हणाले छापल्यासारखं आहे. माझं तुम्ही गोड मानून घ्या.

गोळ्यांचं म्हणाल तर मी मागितल्या नव्हत्या. मागच्या वर्षी माझ्या रुदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली, तेव्हापासून चरबीची गोळी चालू आहे. तिच्यानं पिंढऱ्या दुखतात आणि दम लागतो. मंजूनं तिथल्या डॉक्टरला विचारलं. ते म्हणाले, काहींना ह्या क्युटीनचा उपयोग होतो, काहींना नाय, घेऊन बघा. एवढंच. पण जावईबापूंनी आठवणीनं पाठवल्या ह्याचं मोठं वाटलं. सगळ्या आळीनं बाटली बघितली. आता तरतरी आहे. काल मळ्यापर्यंत न थांबता गेले.

मला एक सांगा, ही गोळी रुदयात जाऊन करते काय? इथं कुणालाच सांगता येत नाय. तुम्ही शिकवलेलं आहे.

कंडक्टरकडं हुरडा दिला आहे. तीळ-शेंगदाण्याची चटणी पण आहे, तिखट कमी घातलं आहे तुमच्यासाठी.

पाण्याच्या बाटलीचं तुम्ही मनाला लावून घेऊ नका. ती रीत तुमच्यासाठी नाय. ते माझं नि देवाचं आहे.

आवडाबाई

———

पुंडलिकनगर
३० जानेवारी २०२५

विहीणबाई,

हुरडा मिळाला. चांगला होता.

तुमचं पत्र सोबत परत पाठवते आहे. चुका लाल पेनानं दाखवल्या आहेत, चौदा निघाल्या. सवय आहे, राग मानू नका. शब्द 'हृदय' असा आहे. 'रुदय' असं काही नसतं. वहीत दहा वेळा लिहून काढा.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. शरीर पेशींचं बनलेलं असतं. पेशीत तंतुकणिका नावाचे बारीक बारीक घटक असतात, ते अन्नापासून ऊर्जा तयार करतात. त्या ऊर्जेच्या कणाला एटीपी म्हणतात. गंमत अशी की हा एटीपी साठवता येत नाही. चुलीवरची भाकरी तव्यावरून थेट ताटात जावी तसं त्याचं आहे, झाला की लगेच वापरायचा. हृदय एक क्षण थांबत नाही, म्हणून त्याच्या पेशी तंतुकणिकांनी ठासून भरलेल्या असतात. दिवसभरात हृदय काही किलो एटीपी तयार करतं आणि संपवतं. आठवीच्या वर्गाला हे सांगितलं की पोरं खिदळायची. क्यू टेन हा त्या चुलीपाशी लागणारा पदार्थ. वय वाढतं तसा तो कमी होतो, आणि तुम्ही घेता त्या चरबीच्या गोळीनंही कमी होतो म्हणतात. बाहेरून घेतल्यानं किती फरक पडतो ह्यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही.

पण तुम्हाला पडला. मळ्यापर्यंत न थांबता गेलात. मी इथं कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणताना दोनदा थांबते.

आता स्पष्टच लिहिते, कारण हे मी दुसऱ्या कुणाला सांगू शकत नाही. मला तुमचा हेवा वाटतो. आवडत नाही, पण वाटतो. शिवराज रविवारी दहा मिनिटं फोन करतो. त्यातली चार मिनिटं रक्ताच्या रिपोर्टची, तीन गॅस सिलिंडरची. परवा म्हणाला, "पिशोरच्या आईंची तब्येत सुधारतेय, ऐकून बरं वाटलं." मी म्हटलं, हो का. त्याचा बाप गेला तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. तेव्हापासून त्याला बरं वाटावं म्हणून मी काय काय केलं, ते काही मळ्यापर्यंत चालण्याइतकं सोपं नव्हतं.

मी त्याच्याकडं कधी काही मागितलेलं नाही, आताही मागणार नाही. तुमच्याकडं मागते. एक बाटली मला पाठवा. मी विज्ञानाची शिक्षिका आहे, काय घेते ते मला कळतं. शिवराजला आणि मंजुषाला ह्यातलं काही कळवू नका.

सुलेखा

———

पिशोर
८ फेब्रुवारी २०२५

मानाच्या सुलेखाताईंना नमस्कार.

दहा वेळा लिहून काढलं. हात वळत नाय. पेन 'रु'कडंच जातं.

तुमचं भाकरीचं लई पटलं. म्हणजे रुदयाला शिळी भाकरी चालत नाय म्हणायची. मंजूच्या वडिलांना सांगितलं तर म्हणाले, मग त्याचं माझ्यासारखंच आहे.

आता मी पण खरं लिहिते. मी एकसुद्धा गोळी खाल्लेली नाय.

लेकीच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाय तर तिच्या घरचं औषध कसं घ्यावं? मंजूला सांगितलं असतं तर ती भांडली असती, म्हणून तरतरी आली असं सांगितलं. तुम्हाला पण तेच लिहिलं. मळ्यापर्यंत गेले ते खरं आहे, पण चार ठिकाणी बसले. तुमच्यापुढं थोडा तोरा मिरवावासा वाटला. तुमचा बंगला, तुमची पेन्शन, तुमचं अक्षर. माझ्याकडं मिरवायला ही एक बाटलीच होती.

लोकांना वाटतं ही जुनी खोड आहे. तसं नाय ताई. मला वाटतं, मी पाणी प्याले तर देव म्हणेल, हिनं आस सोडली. मग तो पण सोडून देईल. म्हणून तेरा वर्षं धरून ठेवलं आहे. तुम्हाला टोचायला नाय.

बाटल्या आता चार झाल्या. तुमच्या हातून आली ती एक, आणि पुढच्या तीन जावईबापूंनी गावाकडं येणाऱ्या माणसाकरवी पाठवल्या. डब्यात नीट ठेवल्या आहेत. तुम्हाला एक कशाला, चारही पाठवते. तुमच्या लेकाच्या कमाईच्या आहेत, तुमचाच हक्क आहे.

कुणाला सांगत नाय.

आवडाबाई

———

पुंडलिकनगर
३ मर्च २०२५

विहीणबाई,

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. बाटल्या पोचल्या. पंधरा फेब्रुवारीपासून रोज दोन घेते. लिहिलंय एक, पण मी दोन घेते. तुम्ही एकही खाल्ली नाही हे वाचून मला आधी हसू आलं, मग फार बरं वाटलं. म्हणजे ती सुधारणा वगैरे सगळी हवाच होती. शिवराजला वाटतं त्याच्या गोळ्यांनी पिशोरची आई बरी झाली, आणि घेते आहे मी. हे मला कुणाला सांगता येत नाही, पण सकाळी कॅप्सूल गिळताना रोज गोड वाटतं.

ह्या महिन्यात रक्त तपासलं नाही. रिपोर्ट पाठवला की तो दहा प्रश्न विचारतो आणि माझ्या तोंडून निघून गेलं तर पंचाईत. पुढच्या महिन्यात बघू. तरतरी आहे. खरंच आहे, तुमच्यासारखी नाही.

परव चहाच कप हातातून पडल. उजवा हात जड जड वाटतो आज. पेन नीट चलत नाही, रिफिल संपली असेल. आशाबाईंना बोलवणर होते पण त्या गावाला गेल्य. थोडं पडते पडते आणि मग पोस्टात टकते.

रुदय मात्र ठीक आहे.

सुलेख

———

पिशोर
२९ मार्च २०२५

सुलेखाताई,

उद्या पाडवा म्हणून मी काल गावी आले. मंजू अजून तुमच्यापाशी आहे, ती हे वाचून दाखवेल. शेवटचा कागद मात्र तुम्ही एकटीनं वाचा, डावीकडून उजवीकडं बोट फिरवत, डॉक्टरांनी सांगितलं तसं.

तुम्हाला त्या दिवसाचं काही आठवत नाय म्हणता, म्हणून लिहिते.

तुमचं पत्र शुक्रवारी सकाळी आलं. वाचता वाचता पहिली चूक दिसली आणि ताई, मला आनंद झाला. खोटं बोलत नाय. वाटलं, चला, ह्यांच्या पण होतात. मी लाल पेन शोधलं. घरात नव्हतं, तर मंजूच्या वडिलांना दुकानात पाठवलं. मी एकेक चुकीखाली रेघ मारत गेले. नऊ झाल्या. तुम्ही माझ्या चौदा काढल्या होत्या, मला अजून पाच हव्या होत्या.

मग खाली 'रुदय' दिसलं.

तुम्ही रुदय लिहाल? मला दहा वेळा लिहायला लावून? मी लाल पेन खाली ठेवलं. मी मंजूच्या वडिलांना म्हणाले, "आवं, चपला घाला. विहीणबाईंना कायतरी झालंया. ही चूक त्यांची नव्हं."

त्यांनी मंजूला फोन लावला आणि आम्ही अकराच्या गाडीत बसलो. तुमच्या घरी पोचलो तेव्हा तुम्ही ओट्याला टेकून खाली बसला होता. तोंड एका बाजूला गेलं होतं. मला बघून बोलायला गेलात पण शब्द येईना. समोरच्यांची गाडी होती, त्यांनी दवाखान्यात पोचवलं. डॉक्टर म्हणाले, वेडेवाकडे ठोके पडणाऱ्या हृदयात रक्ताची गुठळी झाली आणि ती मेंदूत गेली. रक्त पाहिजे तेवढं पातळ राहिलं नव्हतं. अजून एक दिवस गेला असता तर आपण बोललोच नसतो.

संध्याकाळी लेक-जावई आले. तुमच्या ओट्यावरच्या बाटल्या बघून मंजू खालीच बसली. मला म्हणाली, "आई, मी तुला फोनवर सांगितलं व्हतं ना, ह्या गोळ्या त्या आईंना चुकून पण देऊ नको म्हणून. त्यांच्या रक्ताच्या गोळीचा असर कमी होतो. तू व्हय म्हणालीस."

मी व्हय म्हणाले होते. मी फोनवर सगळ्यालाच व्हय म्हणते, ऐकू काहीच येत नाय. डॉक्टर म्हणतात, ह्या गोळ्यांनीच झालं असं पक्कं सांगता येत नाय, रक्त तपासलं असतं तर वेळेत कळलं असतं. ते काही असो. बाटल्या माझ्या हातून गेल्या.

जावईबापूंना मी तुमचं पहिलं पत्र दाखवलं. तुम्ही नको म्हणाला असता, पण दाखवलं. ती चिठ्ठीची ओळ वाचून ते दवाखान्याच्या बाकावर रडले. म्हणाले, "मी औषधाबद्दल लिहिलं होतं. तुझी जी गोळी चालू आहे तीच चालू दे, ह्या घेऊ नको, एवढंच." एक शब्द जास्त लिहिला असता तर, असं सारखं म्हणत होते.

आता माझं एक. तुम्हाला माझा हेवा वाटतो हे वाचलं तेव्हा मी काही बोलले नाय. तुमचे रिपोर्ट जावईबापू बघतात असं तुम्हाला वाटतं. ते मंजू बघते. दर महिन्याला तुमचा आकडा वहीत लिहिते, रजा टाकून डॉक्टरकडं जाते, तुमची गोळी अर्धी करायची का पाऊण ते विचारून येते. तिच्या वहीवर तुमचं नाव आहे. मला दाखवली तिनं. माझ्या नावाची वही नाय. मला ती बाटली पाठवून मोकळी होते. मी पोटची आई. तेव्हा जळायचंच म्हटलं तर मला पण कारण आहे, आणि मी पण जळले. दवाखान्यात ती तुमच्या पायाशी बसली होती तेव्हासुद्धा.

हात रोज चालवा. अक्षर येईल.

आवडाबाई

ता.क. ह्या पत्रात 'हृदय' बरोबर आहे का ते बघा.

———

पुंडलिकनगर
२४ एप्रिल २०२५

आवडाबाई,

हे डाव्या हातानं लिहिते आहे. रोज पाच ओळी, त्यामुळं पत्राला पाच दिवस लागले. मंजुषा चुका सुधारू का म्हणाली. मी नको म्हटलं.

'हृदय' बरोबर आहे. दहापैकी दहा.

तुम्ही सगळं लिहिलंत, एक सोडून. तुम्हाला वाटलं मला आठवत नाही. दवाखान्यातून घरी आणलं त्या दुपारची गोष्ट. मंजुषा औषधं आणायला गेली होती. तुमची बाटली रिकामी झाली होती आणि मी झोपले आहे असं समजून तुम्ही पिशोरला निघालेल्या कुणाला तरी येताना तुमच्या घरचं पाणी आणायला सांगत होता. तेवढ्यात मला ठसका लागला. तुम्ही माठातलं पाणी घेऊन आलात. माझा घसा अजून नीट गिळत नव्हता, म्हणून मी तोंड मिटून घेतलं. भीती वाटत होती. तुम्ही खूप सांगितलंत. मग म्हणालात, "हे बघा, मी पिते. काय व्हत नाय." आणि त्याच पेल्यातून दोन घोट प्यालात. मग मी प्याले.

तुम्ही तोंड पुसून खिडकीकडं वळलात. तुम्ही रडत होता ते मला पाठीवरून कळलं. तेरा वर्षं ज्या पाण्याला हात लावला नाही ते तुम्ही माझ्यासाठी प्यालात. मला तेव्हा बोलता येत नव्हतं. आता येतं, पण फोनवर तुम्हाला ऐकू येणार नाही, म्हणून लिहिते. देवाला वाटलं असेल तुम्ही आस सोडली, तर मी रोज सकाळी त्याला सांगते की तसं नाही.

मंजुषानं तुमच्या नावाची वही केली आहे. मी करायला लावली. पहिल्या पानावर नाव मीच घातलं आहे, डाव्या हातानं, त्यामुळं वेडंवाकडं आहे. पुढच्या महिन्यापासून तुमचेही रिपोर्ट तिच्याकडं जायला पाहिजेत, आणि ती फोनवर बोलेल तेव्हा व्हय म्हणायचं नाही, शेजारी कुणाला तरी ऐकायला बसवायचं.

उरलेल्या कॅप्सूल मोजल्या. दोनशे आहेत. शिवराज उद्या पिशोर गाडीत देईल. मंजुषानं डॉक्टरांना पुन्हा विचारलंय, तुम्हाला चालतात, आणि लेकीच्या घरचं पाणी एकदा प्यालात त्यामुळं आता सबब राहिली नाही. रोज एक. पार्सल बांधताना शिवराज तुमच्या पिंढऱ्यांची चौकशी करत होता. माझ्या हातून सुतळी जरा जास्तच करकचून आवळली गेली, सोडवताना कात्री घ्या.

माठ भरलेला आहे. येताना बाटली आणू नका.

तुमचं रुदय सांभाळा.

चुका मोजून कळवा. चौदाच्या वर निघाल्या तर मला सांगू नका. आणि वरच्या ओळीतली धरू नका, ती मी मुद्दाम केली आहे.

सुलेखा